फार्शीच्या प्राध्यापकाचे कोल्हापूर

मिरजेहून कोल्हापूरला जायला रेल्वेने सव्वा-दीड तास पुरतो. एक पुस्तक परत करायला मला मात्र सोळा वर्षे उशीर झाला. ते माझे एकट्याचे नव्हते. अर्धे माझे, अर्धे माझ्या कोल्हापूरच्या दोस्ताचे. पाच वर्षे त्याच्याकडे, पाच वर्षे माझ्याकडे, असा आमचा करार होता. 2009 साली ते त्याच्याकडे जायला हवे होते. आधी घराचे बांधकाम निघाले, मग मुलींची लग्ने, मग कोरोना. दोन वर्षांपूर्वी फोन आला की त्याला लकव्याचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणेही गेले. त्यानंतर न जाण्याला कामाचे कारण उरले नाही. उरली ती भीती. ज्याच्याशी चाळीस वर्षे नुसते बोलणेच केले, त्याच्यासमोर जाऊन बसायचे आणि करायचे काय?

शेवटी आमच्या घरातूनच हुकूम निघाला. बेगम म्हणाल्या, "पुस्तक त्याचं आहे. अमानत आहे. देऊन या." अमानत म्हटल्यावर माणूस काय बोलणार? एका गुरुवारी सकाळच्या गाडीत बसलो.

पुस्तकाचे नाव 'गज्जलांजली'. कवी माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन. आमची प्रत महाद्वार रोडच्या फुटपाथवर रद्दीवाल्याकडे मिळाली होती. कव्हर गेलेले, पहिली काही पाने वाळवीने खाल्लेली. 1978 साल होते आणि किंमत होती सव्वा रुपया. दोघांच्या खिशात मिळून दीड रुपया निघाला. उरलेल्या चार आण्यांत एक चहा दोघांनी बशी-कप करून प्यायला.

गाडी जयसिंगपूर, हातकणंगले करत रुकडीपर्यंत आली की पंचगंगा दिसते, आणि तिथून कोल्हापूर सुरू झाले असे मला अजून वाटते. दोन्ही बाजूंना ऊस. पुढे वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात 1943 ते 1948 या काळात इथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे होती, बहुतेक बायका आणि मुले. रशियातून सुटून इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली. म्हणजे उसाच्या या रानात फार्शी मुलखातून आलेले लोक पाच वर्षे राहून गेले. हे मला दोस्तानेच पहिल्यांदा सांगितले होते, याच गाडीत, दारात उभे राहून. त्याला अशा गोष्टी सांगायचा भारी नाद.

स्टेशनवरून थेट त्याच्या घरी जायचे धाडस झाले नाही. म्हटले, आधी गावात एक चक्कर मारू. पाय आपोआप दसरा चौकाकडे वळले.

दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगने आमच्यासारख्या किती पोरांना छप्पर दिले याचा हिशेब कुणी ठेवला नसेल. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 मध्ये मुसलमान समाजाच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली आणि अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. कुराण शरीफचा मराठी तर्जुमा व्हावा म्हणून त्यांनी 25,000 रुपये मंजूर केल्याचे त्यांच्या चरित्रांत वाचायला मिळते. त्या काळचे पंचवीस हजार! खेड्यापाड्यातला मुसलमान घरात जी भाषा बोलतो त्याच भाषेत त्याला त्याचा ग्रंथ कळावा, हा त्यामागचा विचार. माझे अब्बा शेतमजूर. उर्दू त्यांना वाचता येत नव्हती, मराठी दुसरीपर्यंत. त्यांनी मला बोर्डिंगच्या दारात सोडले तेव्हा एकच वाक्य बोलले होते, "बेटा, शिक. कुठल्या का जबानीत असेना." ते वाक्य माझ्याबरोबर राहिले आहे, पण पुढे एका प्रसंगी त्याने मला फार त्रासही दिला. ते पुढे सांगतो.

चौकातून भवानी मंडपाकडे गेलो. मंडपाजवळची मेन राजाराम हायस्कूलची दगडी इमारत म्हणजे मूळच्या राजाराम कॉलेजची जागा. कॉलेज 1880 चे. आता ते सागरमाळावर आहे, पण ज्या काळाबद्दल मी बोलतो आहे तेव्हा ते इथेच भरे. 1928 साली पुण्याचे एक प्राध्यापक या कॉलेजात फार्शी शिकवायला आले. वय चौतीस. नाव पटवर्धन. जातीने कोकणस्थ ब्राह्मण, जन्म बडोद्याचा, विषय फार्शी! आजच्या पोरांना हे ऐकून नवल वाटेल. तेव्हा वाटत नसे. कॉलेजात संस्कृत घ्या नाहीतर फार्शी घ्या, आणि फार्शी घेणाऱ्यांत सगळ्या जातीची मुले असत. मराठ्यांच्या दफ्तरातले निम्मे कागद समजायचे तर फार्शीवाचून गत्यंतर नव्हते.

माधवराव कोल्हापूरला आले ते रिकाम्या हाताने नव्हे. 1925 मध्ये त्यांचा 'फार्शी-मराठी कोश' पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने काढला होता. पुण्यात असताना 1923 मध्ये काही कविमित्रांनी मिळून रविकिरण मंडळ सुरू केले. रविवारी चहाला जमायचे आणि एकमेकांच्या कविता ऐकायच्या. गिरीश, यशवंत, श्रीधर आणि मनोरमा रानडे हे पतिपत्नी, घाटे, दिवाकर ही त्यातली मंडळी. पहिला संग्रहही त्यांनी मिळून काढला, 'किरण' नावाचा. कविता छापून गप्प बसण्यापेक्षा गावोगावी जाऊन लोकांसमोर ती गाऊन म्हणायची, ही रीत मराठीत या मंडळींनी रुळवली. आपल्याकडच्या मुशायऱ्याची ती मराठी मावसबहीणच. पुढे पुण्यातली नोकरी सुटली, मित्र तिथे राहिले आणि हा गृहस्थ कोल्हापुरात आला. त्याच वर्षी लग्न झाले. पत्नी लीलाबाई. नवऱ्याच्या पश्चात त्यांनी आठवणींचे पुस्तक लिहिले, 'आमची अकरा वर्षे'. त्या अकरा वर्षांचा मोठा हिस्सा कोल्हापूरच्या संसाराचा. मराठीतले हे एक निर्मळ पुस्तक आहे. घरातल्या बायकांनी जरूर वाचावे, आणि पुरुषांनी आधी वाचावे.

याच संसारातून, याच दगडी इमारतीतल्या तासांमधून 1933 मध्ये 'गज्जलांजली' आली. ते 'गझल' असे लिहीत नसत, 'गज्जल' लिहीत, दोन ज जोडून. त्याआधी 1929 मध्ये उमर खय्यामच्या रुबायांचे मूळ फार्शीवरून केलेले भाषांतर येऊन गेले होते. मागाहून फिट्झजेराल्डच्या इंग्रजी रुबायांवरून केलेली 'द्राक्षकन्या' आली. (अब्बांनी एकदा माझ्या ट्रंकेत 'द्राक्षकन्या' पाहिली. त्यांना वाटले, द्राक्षबागायतीचे पुस्तक आहे. आमच्याकडे तेव्हा द्राक्षे नवीनच लागली होती. आतला मजकूर मी त्यांना वाचून दाखवला नाही. अल्लाह मला माफ करो.)

'गज्जलांजली'त आहे काय? एका हळव्या, हट्टी, मित्रांवर जीव टाकणाऱ्या माणसाच्या आठवणी आहेत. गेलेले प्रेम आहे, दुरावलेली माणसे आहेत, स्वतःवर काढलेला राग आहे. बडोदे सुटले, पुणे सुटले, नवे गाव अजून आपले झालेले नाही, अशा माणसाचा सूर मला त्यात ऐकू येतो. बोर्डिंगच्या खोलीत, घरापासून लांब, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला तो सूर लगेच ओळखीचा वाटला यात नवल नाही. सगळ्या रचना चांगल्या आहेत असे नाही. काही नुसत्या वृत्ताच्या कसरती आहेत. पुढे सुरेश भट आणि त्यांच्या पिढीने स्पष्टच सांगितले की गझलेचा प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे. माधवरावांच्या पुष्कळ गज्जलांत तसे होत नाही, ती एक सलग कविताच असते. ते म्हणणे मला पटते. पण विहीर खोदणाऱ्याला पाणी खारे का म्हणून किती बोलायचे? त्या विहिरीवर पुढे मळे पिकले. आमच्या मिरज तालुक्यातल्या दुधगावचे मरहूम इलाही जमादार ज्या मराठी गझलेचे लाडके शायर झाले, तिची वाट कोल्हापूरच्या या फार्शीच्या वर्गातून गेलेली आहे.

भवानी मंडपाच्या अंगानेच करवीर नगर वाचन मंदिर आहे. 1850 साली स्थापन झालेले हे ग्रंथालय. कॉलेजच्या दिवसांत माझी दुपार तिथे जाई, खरे तर पंख्यासाठी. त्या दिवशीही आत जाऊन बसलो आणि 'छंदोरचना' मागितले. हा माधवरावांचा वृत्तांवरचा मोठा ग्रंथ. त्यासाठी मुंबई विद्यापीठाने 1938 मध्ये त्यांना डी. लिट. दिली. फार्शी बहरांना त्यांनी मराठी लघु-गुरूंच्या मापात बसवले आणि छान छान नावे दिली: देवप्रिया, व्योमगंगा, आनंदकंद. आज गझल लिहिणारा मराठी मुलगा हीच नावे घेतो. त्याला कदाचित ठाऊकही नसते की ती एका माणसाने बसून ठेवलेली आहेत.

वाचकहो, यातली एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक तुमच्यापैकी पुष्कळांनी शाळेत म्हटले असतील. त्याचे वृत्त भुजंगप्रयात. चाल अशी: लगागा लगागा लगागा लगागा. फार्शीत हीच चाल मुतकारिब नावाच्या बहराची. फिरदौसीचा शाहनामा आणि शेख सादीची बोस्तान याच चालीत आहेत, शेवटचे एक अक्षर तेवढे गळते. म्हणजे सज्जनगडावर म्हटलेले आणि हजार वर्षांपूर्वी इराणातल्या तूस गावी लिहिलेले एकाच पावलाने चालते. कुणी कुणाकडून घेतले हा प्रश्नच नाही. माणसाच्या छातीत जो ठेका आहे तो दोन्हीकडे सापडला. हे मला दोस्ताने दाखवून दिले. त्याने टेबलावर बोटांनी ठेका धरला, मी त्यावर आधी श्लोक म्हटला आणि मग मौलवीसाहेबांकडून पाठ केलेला फार्शी शेर. दोन्ही बसले. ग्रंथपालांनी दोघांनाही बाहेर काढले.

आणि याच पुस्तकावरून आमचे भांडण झाले.

त्याचे असे आहे. माधवरावांच्या सुरुवातीच्या कवितेत फार्शी शब्दांची इतकी रेलचेल होती की टीकाकार चेष्टा करत. पण पुढे या माणसाचे मत फिरले. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीकडे ते ओढले गेले. 1936 मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 1938 मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' हे पुस्तक आले. ज्याने फार्शीचा कोश रचला, जो रोज सकाळी पोटासाठी फार्शी शिकवत होता, तोच मराठीतून फार्शी शब्द दूर करा म्हणू लागला.

1979 मध्ये, शेवटच्या वर्षाला असताना, बोर्डिंगच्या पायऱ्यांवर बसून आम्ही यावर वाद घालत होतो. दोस्त माधवरावांच्या नंतरच्या मताचा. तो म्हणाला, शिवाजी महाराजांनीसुद्धा राज्यव्यवहारकोश करवून घेतला होताच की. ते खरे आहे. रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली तो झाला. मी म्हणालो, कोश झाला, पण लोकांनी वकील, सरकार, जमीन टाकले का? कोल्हापुरातून हे शब्द काढ आणि मग खासबागेत जाऊन दाखव. तिथली तालीम अरबी, म्हणजे शिक्षण. वस्ताद फार्शी. पहिलवान, कुस्ती, मैदान, खुराक, मालिश, सगळे फार्शी. लंगोट तेवढा आपला राहील! गूळबाजारातला हमाल अरबी, बाजारही फार्शी. पोवाडा गाणारा शाहीर म्हणजे अरबीतला शायर. मी जिंकत होतो, आणि जिंकताना माणूस फार बोलतो. तेव्हा तो चिडून म्हणाला, "तुमचे शब्द आम्ही किती दिवस सांभाळायचे?"

तुमचे.

एवढा एकच शब्द. त्यात ना अरबी ना फार्शी, अगदी शुद्ध मराठी. माझ्या डोळ्यांसमोर अब्बा उभे राहिले, बोर्डिंगच्या दारातले. कुठल्या का जबानीत असेना म्हणणारे. मी तर तीन वर्षे मराठी साहित्य घेऊन शिकत होतो. वर्गात पहिला येत होतो. मग जमीन हा शब्द माझा आणि भूमी त्याचा, अशी वाटणी कधी झाली? मी उठून आत गेलो. चार महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. परीक्षेला एका बाकाच्या अंतरावर बसलो, पण बोललो नाही.

ईदच्या दिवशी तो बोर्डिंगच्या फाटकावर आला. हातात 'गज्जलांजली'. माफी वगैरे काही मागितली नाही. कोल्हापूरकर तसे मागतही नाहीत. म्हणाला, "भावा, पुस्तकात माझे दहा आणे आणि तुझे दहा आणे आहेत. फाडून अर्धं-अर्धं करू, का पाच-पाच वर्षं ठेवू?" मी म्हणालो, "शीरखुर्मा पिऊन जा." तो तीन वाट्या प्याला. मग आत बसून त्याने कोऱ्या पानावर लिहिले: याच्याकडे 1979 ते 1984. खाली माझे नाव, 1984 ते 1989. पुढच्या ओळी रिकाम्या.

चाळीस वर्षांत त्या वादाचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही. मात्र त्यानंतर त्याने मला पाठवलेल्या प्रत्येक पोस्टकार्डावर कोपऱ्यात 'तारीख' असे लिहिलेले असे, 'दिनांक' नव्हे. मीही ते पाहिले आणि काही बोललो नाही.

माधवरावांवर माझा राग होता का? होता. बरीच वर्षे होता. आता कमी झाला आहे, आणि त्याचे कारण ते पुस्तकच आहे. माणूस मतांनी एकीकडे गेला तरी कान कुठे जातो? शब्द त्यांनी बदलले, चाल बदलता आली नाही. बहर तेच राहिले, मराठी नावे घेऊन राहिले. 29 नोव्हेंबर 1939 रोजी, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले. आणखी वीस वर्षे मिळती तर मत आणखी एकदा फिरले असते का, हा विचार मी पुष्कळदा केला आहे.

वाचन मंदिरातून निघालो तेव्हा जुहरची वेळ झाली होती. बाबूजमाल दर्ग्याजवळून गेलो. दर्ग्याच्या दारावर गणपतीची आकृती आहे हे कोल्हापूरकरांना नवे नाही. बाहेरचे लोक थांबून फोटो काढतात, गावचे लोक चपला काढून आत जातात. नमाज अदा करून एका खानावळीत जेवलो. तांबडा-पांढरा रस्सा आता मिरजेतही मिळतो, पण पांढऱ्याला ती चव येत नाही. बहुधा पाण्याचा फरक. किंवा माझ्या वयाचा.

रिक्षाने रंकाळ्याच्या अंगाला त्याच्या घरी पोचलो. वहिनींनी दार उघडले. "या भाऊजी. सकाळपासून दाराकडं बघायलेत. गाडी कवाची हे त्यांस्नी कळतंय, फक्त सांगता येत नाही." मी चार तास गावात घालवले होते. मान खाली गेली.

तो खिडकीपाशी कॉटवर बसला होता. माझ्याकडे पाहिले आणि तोंडातून एक खणखणीत शिवी बाहेर पडली. या मासिकात ती छापता येणार नाही. वहिनी एकदम रडायला आणि हसायला लागल्या. म्हणाल्या, "दोन वर्षांत शिव्या तेवढ्या स्पष्ट राहिल्यात बघा. डॉक्टर म्हणाले, असं होतं. पाठ झालेलं राहतं, नवीन जुळवता येत नाही."

पाठ झालेले राहते. हे ऐकल्यावर पिशवीतून पुस्तक काढायला मला धीर आला.

मी वाचायला सुरुवात केली. पहिली गज्जल संपेपर्यंत तो नुसता खिडकीबाहेर बघत होता. दुसरीच्या मध्यावर त्याचा डावा हात कॉटच्या लोखंडी पट्टीवर आला. आधी मला वाटले हात थरथरतो आहे. मग ऐकले तर ठेका होता. लांब, आखूड, लांब, लांब. मी वाचत राहिलो. तिसऱ्या रचनेत माझ्या हातून एक दीर्घ अक्षर ऱ्हस्व झाले. चष्मा बदलायला आला आहे, अक्षर पुसट आहे. पट्टीवर जोरात थाप पडली. वर पाहिले तर कपाळावर तीच जुनी आठी. मी ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा चुकलो, या वेळी घाबरून. पुन्हा थाप. तिसऱ्यांदा बरोबर आली तेव्हा त्याने मान हलवली आणि ओठ हलू लागले. माझ्या पाठोपाठ, अर्धे पाऊल मागे, त्याने शेवटचे तीन शब्द म्हटले. अस्पष्ट, पण वजनात.

वहिनी स्वयंपाकघरातून हातात पळी घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या दारात तशाच उभ्या राहिल्या.

तास-दीड तास वाचले. मधेच त्याने मला थांबवले आणि डाव्या हाताने पुस्तक मागे उलगडत त्या कोऱ्या पानावर आणले. सहा ओळी भरलेल्या. शेवटची माझी, 2004 ते 2009. त्याने 2009 वर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. काय म्हणायचे ते न बोलता म्हणाला. मी म्हटले, "चुकलं दोस्ता. कबूल."

एवढ्यात त्याची नात शाळेतून आली. नववीत आहे. मला 'मिरजेचे आजोबा' म्हणते. त्याने तिला खुणेने पेन आणायला सांगितले आणि पान पुढे केले. तिने त्याचे नाव लिहिले, पुढे 2025 लिहिले, 'ते' लिहिले आणि थांबली. "किती वर्षं, आजोबा?"

त्याने डावा हात वर केला. पाची बोटे उघडली.

मी बोलून गेलो, "इन्शाअल्लाह." त्या आकड्याचा हिशेब मी मनात केला होता. तेव्हा मी बहात्तर वर्षांचा असेन, तो त्र्याहत्तर. तिने 2030 लिहिले. मग खालच्या ओळीत, कुणी न सांगता, माझे नाव लिहून ठेवले आणि पुढची जागा कोरी सोडली.

निघताना वहिनींनी पिशवीत भडंगाचा पुडा आणि गुळाची ढेप घातली. पुस्तक नव्हते, पण पिशवी येताना होती त्याहून जड झाली. दारापर्यंत आलो तर आतून पुन्हा थाप ऐकू आली. लोखंडावर, ठरलेल्या अंतराने. मी वळून पाहिले नाही. संध्याकाळच्या गाडीला तासभर होता आणि रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.